बिनकुलपाचं दुकान

लग्नात अक्षता पडायला लागल्या की सगळ्या मांडवाचे डोळे बोहल्यावर असतात. आमचे काकाजी नेमके त्याच वेळी बोहल्याकडे पाठ फिरवायचे. नवरा-नवरी सोबतच्या कॅमेरेवाल्याच्या हवाली करायची आणि आपण म्हातारी माणसं हुडकत फिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. कोणाची आत्या, कोणाचा चुलत आजा, कोणाची एखादी मावशी, जिला बोहल्याजवळ कोणी बोलावत नाही आणि जी आपणहून जात नाही. अशा माणसाला ते हाताला धरून मांडवाच्या पांढऱ्या पडद्याजवळ आणायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे, चष्मा काढायला लावायचे. मग कॅमेरा डोळ्याला लावून म्हणायचे, "माह्याकडं नोका पाहू. त्या दारातून तुमची लेक येऊन राहिली असं समजा."

माणूस दाराकडे बघायचा आणि चेहऱ्यावर काहीतरी यायचं. हसू नाही म्हणता येणार, पण घर उघडल्यासारखं. तेवढ्यात काकाजी फोटो काढून मोकळे. एकच काढायचे.

फोटो कशासाठी ते काकाजी आपणहून सांगत नसत. पण म्हातारी माणसं काय खुळी असतात? चांदूर रेल्वे गावच्या एका लग्नात एका आजीनं खुर्चीवर बसता बसता विचारलं, "तेरवीचा काढून राहिला काय रे?"

मी शेजारी लाईट धरून उभी होते. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. काकाजी शांतपणे म्हणाले, "हो माय."

"मंग थांब. कुंकू लावून येतो."

आणि खरंच आत जाऊन ठसठशीत कुंकू लावून, पदर सारखा करून आली बाई.

तर हे आमचे काकाजी. अमरावतीत जुन्या कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. मी त्यांच्याकडे लग्नाचे अल्बम बनवायला लागले तेव्हा माझं स्वतःचंही लग्न व्हायचं होतं, आणि ते गेले तेव्हा माझी पोरगी कॉलेजात होती. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशी भांडले नाही. पण आमच्याकडच्या माणसाला त्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, पाटावर फोटो लागतो. त्याला हार घालतात, पूजा करतात, येणारा-जाणारा त्याच्यापुढे वाकतो. आणि ऐन वेळी घरात फोटो सापडत नाही. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तोंड कापून काढतात. बाजूच्याचा खांदा तसाच राहतो, कधी कोणाचा हात गळ्यात राहतो. काकाजींना ते बघवत नसे. "माणूस जलमभर दुसऱ्याच्या खांद्याले खांदा लावून राह्यला, आता तं एकटा बसू द्या त्याले," म्हणायचे.

दुकानाला कुलूप नव्हतं. म्हणजे विसरून नव्हे, मुद्दाम नव्हतं. संध्याकाळी शटर ओढून घ्यायचं, झालं. गावाबाहेर लग्नाला गेले तरी तसंच. एकदा कोणाची तरी बकरी आत शिरून पडद्याचा कोपरा खाऊन गेली. मी म्हटलं, "काकाजी, एक कुलूप घेऊन या ना." तर म्हणे, "बकरीसाठी कुलूप? बकरी वाचते काय कुलूप?" का ठेवत नाही ते मात्र कधी सांगितलं नाही. मी आपली समजून होते, असेल एकेकाचा चक्रमपणा.

म्हाताऱ्या माणसांचे ते सगळे फोटो मागच्या खोलीतल्या एका काळ्या डब्ब्यात होते. डब्बाच तो. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. आत डिस्का, पुढे दोन हिरवे दिवे, मागून एक निळी वायर निघून समोरच्या कॉम्प्युटरांकडे गेलेली. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून वायरीवाटे आत जायचं आणि फोटो बघायचे. त्या डब्ब्यालाही पासवर्ड नव्हता. गिऱ्हाईकानं यावं, काउंटरवर बसावं, आपला माणूस शोधावा आणि घेऊन जावा.

फायलींना माणसांची नावं नव्हती. "नवरीची आत्या, चांदूर रेल्वे, हिरवं लुगडं." "नवऱ्याचा आजा, अकोट, काठी." अशी नावं. मी एकदा चिडून विचारलं होतं, "काकाजी, नाव का नाही लिहीत सरळ?" तर म्हणाले, "बायाईचं नाव कोन सांगते वं? मी इचारतो, तं म्हनतात लिहा अमक्याची माय. मंग लुगडंच लिहितो. लुगडं तं खोटं नाई ना बोलत."

मे महिन्यात आमच्याकडे कसं ऊन असतं ते काय सांगू. दुकानात एकच कूलर, आणि त्याचं तोंड कायम त्या डब्ब्याकडे. आम्ही इकडे घामानं निथळतोय, आणि डब्बा आपला खसच्या गार हवेत! मी कूलर फिरवायला गेले की ओरडायचे, "आत लोकं हायेत वं!"

तर अशी ही डब्ब्याची माया. तिथंच घोळ सुरू झाला.

झालं असं की फोटो छापायचं मशीन नवीन आलं, ते जुन्या विंडोजवर चालेना. म्हणून काउंटरवरचं मशीन नव्या सिस्टीमवर घेतलं. काकाजी त्याला 'साहेबाची बदली' म्हणायचे. "नवा साहेब आला. पाहू कसा हाय तं." पहिले काही दिवस साहेब बरा वागला. मग एक दिवस डब्बा दिसेना. मशीन बंद करून चालू केलं, दिसला. दुपारी पुन्हा गायब. माझ्या अल्बमच्या मशीनवर जुनी सिस्टीम होती, तिथं मात्र कायम दिसायचा. लाईट गेली आणि आली की कधी दिसायचा, कधी नाही. फाईल अर्धी उघडायची आणि मध्येच तुटायची. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला. समोर गिऱ्हाईक रडवेल्या तोंडानं बसलंय आणि मी आपली वायर काढतेय, वायर लावतेय, राऊटरला थोपटतेय.

एकदा पडद्यावर लांबलचक इंग्रजी पाटी आली. काकाजींनी मला वाचायला लावली. मी म्हटलं, "हा म्हणतो, ओळख न सांगता कुठंही पाहुणा म्हणून शिरायला तुमच्या संस्थेच्या धोरणात बंदी आहे."

"आपली संस्था?" काकाजींनी इकडे तिकडे पाहिलं. "आपली संस्था म्हनजे मी आन् तू. म्या तं नाई केली बंदी. तू केली काय?"

अशा वेळी रफिकभाईला बोलवावं लागे. रफिकभाई अकोल्याचा. अमरावती-अकोल्याच्या निम्म्या स्टुडिओंची मशीनं तोच बघायचा. माणूस गोड, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. बदनेऱ्याला उतरून ऑटो करून यायचा, आधी चहा मागायचा, मग मशीन उघडायचा. त्यानं दुखणं दोन भागांत सांगितलं. पहिलं सोपं होतं. लाईट जाऊन आली की राऊटर डब्ब्याला दर वेळी वेगळा नंबर द्यायचा आणि मशीन जुन्या नंबरावर हाक मारत बसायचं. रफिकभाईनं नंबर कायमचा बांधून टाकला.

"लेकिन असली बात दुसरी है काकाजी," तो म्हणाला. "जुनी सिस्टीम कोणाच्याही घरात शिरायची. ही नवी आहे ना, ती बिनकुलपाच्या घरात पायच ठेवत नाही. तिला वाटते, ज्या घराले कुलूप नाही त्या घरात धोका आहे."

काकाजींचा चेहराच बदलला. "हे कोनती रीत? घर उघडं हाय म्हनून जात नाई? आतापावतर लोकं बंद दारापासून वापस जाताना पाह्यले, उघड्या दारापासून वापस जाताना नाई पाह्यले."

"एक पासवर्ड टाकू छोटासा. कायमचा प्रश्न मिटतो."

"नाई."

"काकाजी, अकोल्यात एका स्टुडिओचा पूरा डब्बा बाहेरच्या चोरांनी बंद करून टाकला. वायरीतूनच शिरले. वीस साल के फोटो, सगळे गेले. उघडं ठेवणं ठीक नाही."

"आपल्या डब्ब्यातले घेऊन काय करतीन ते? मेलेल्या लोकाईले कोन चोरते?"

रफिकभाईनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. शेवटी त्यानं नव्या सिस्टीमला मागच्या दारानं परवानगी देऊन टाकली आणि डब्बा दिसायला लागला. जाता जाता मला म्हणाला, "दीदी, हे टिकणार नाही. सिस्टीमचं नवीन अपडेट आलं की ते दार पुन्हा बुजवून टाकते." आणि तसंच होत राहिलं. अपडेट यायचं, डब्बा जायचा. रफिकभाई यायचा, डब्बा यायचा. काकाजींनी हे संसारातलं दुखणं असल्यासारखं मान्य केलं होतं. मी मात्र रोज कटकट करायची, "एक पासवर्ड टाकला तर काय आभाळ कोसळणार आहे?" ते चष्मा पुसत बसायचे. पुढे माझं मशीनही जुनं झालं, त्यावरही नवी सिस्टीम आली, आणि आमच्याकडे डब्ब्यात सरळ जाणारं एकही मशीन उरलं नाही.

त्याच सुमाराला शेंदूरजनाघाटचे ते भाऊ-बहीण आले.

संत्र्याच्या व्यापारातलं घर. आई गेलेली, तेरवी दुसऱ्या दिवशी. भाऊ वेंधळल्यासारखा बाकावर बसला. बहीणच बोलली. "आमची माय साऱ्या जलमात फोटोले उभी नाई राह्यली जी. कुटुंबाच्या फोटोत हाय तं तोंडावर पदर. वरुडच्या लग्नात तुमच्या काकाजींनी तिचा एकटीचा काढला होता. ती घरी येऊन सांगे, एका फोटोवाल्यानं मले लेकीची वाट पाहाले लावली म्हने."

मी मशीनला बसले. सकाळीच अपडेट होऊन गेलं होतं. डब्बा नाही.

रफिकभाईला फोन लावला. तो अकोल्यात एका दवाखान्याचं मशीन उघडून बसला होता, अर्ध्यात सोडून निघणं शक्य नव्हतं. फोनवरून सांगत गेला तसं मी सगळं केलं. मागचं ते दार मला काही सापडेना. प्रत्येक क्लिकला ती बहीण खुर्चीवरून पुढे वाकायची आणि विचारायची, "दिसली काय?"

मी म्हणायची, "नाही अजून."

पुन्हा थोड्या वेळानं, "दिसली काय?"

काकाजी मागच्या खोलीच्या दारात उभे होते. पाठीमागे डब्ब्याचे दोन्ही हिरवे दिवे शांत जळत होते. त्या बाईची आई तिथंच होती, हातभरावर, जांभळ्या लुगड्यात, दाराकडे बघत. आणि आमच्यापैकी कोणालाही ती दिसत नव्हती. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. शेवटची बस चुकेल म्हणून ते दोघं उठले. भाऊ म्हणाला, "पाहतो जी काही तरी. आधार कार्ड हाय तिचं."

रफिकभाई दिवेलागणीला पोचला. बुजलेलं दार खोलायला त्याला चहा निवायच्या आत जमलं. "नवऱ्याची मामी, वरुड, जांभळं लुगडं." उघडली. काकाजींनी फोटो छापला, शेजारच्या फ्रेमवाल्याला थांबवून ठेवलं होतं, त्याच्याकडून फ्रेम करून घेतली, आणि सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही दोघं निघालो. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा काकाजी. काकाजींनी ती मांडीवरून हलवली नाही. मोर्शीच्या पुढे बस पंक्चर झाली. ड्रायव्हर जॅक शोधत होता आणि काकाजी रस्त्याच्या कडेला फ्रेम छातीशी धरून उभे होते. मी त्यांच्या डोक्यावर ओढणी धरली तर हात झटकून टाकला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पंगत बसलेली होती. आत पाटावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, आधारवरचे फोटो कसे असतात. त्यातून मोठा केलेला. डोळे फाटलेले, चेहरा काळवंडलेला, माणूस कुठून तरी पकडून आणल्यासारखा. त्याला हार घातलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, पुढे उदबत्ती संपत आलेली.

काकाजी दारात फ्रेम घेऊन उभे. बहिणीनं पाहिलं. वाढायचं पातेलं खाली ठेवून, हात पदराला पुसत आली. फ्रेम घेतली. कितीतरी वेळ आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पूजा तं झाली जी काकाजी. पन माह्या मायची नाई झाली. त्या दुसऱ्याच बाईची झाली."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. काकाजी पंगतीत बसले, मान खाली घालून जेवले, पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. येताना बसमध्ये अमरावती दिसायला लागली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "बिनकुलपाचं घरही बंद होऊन बसते वं. मले मालूम नोतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून रफिकभाईला बोलावलं. "टाक तुहा पासवर्ड," म्हणाले.

रफिकभाईला आधी पटेचना. मग घाईघाईनं मशीनला बसला, न जाणो म्हाताऱ्याचं मन बदललं तर. "काय ठेवू काकाजी? मोबाईल नंबर ठेवू?"

"नाई." काकाजी स्टुलावर बसून लेन्स पुसत होते. ती कितीतरी वेळ पुसली. "गुंफा लिही."

"ये क्या है?"

"माय हाय माही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांच्या दुकानात घालवली, त्यांच्या घरच्या सणावाराला जेवले. त्यांची आई मी पाहिली होती, म्हातारपणी वारली. तिचं नाव शांताबाई होतं.

"ते माही दुसरी माय," काकाजी म्हणाले. आणि मग एकदम, कोणी न विचारता, सांगायला लागले. त्यांचं गाव अकोटजवळ. ते लहान असताना वडील कापसाची गाडी घेऊन अकोटच्या जिनिंगवर जायचे. एकदा सोबत बायकोला आणि पोराला नेलं. कापूस विकला गेला, हातात पैसा होता, म्हणून तिथल्या फोटोवाल्याकडे गेले. आईनं पोराला मांडीवर घेऊन फोटो काढला. पुढच्या फेरीला न्या म्हणाला दुकानदार. पुढच्या फेरीआधीच ती तापानं गेली. तेरवीच्या दिवशी मामा पायी अकोटला गेला. दुकानाला कुलूप. दुकानदार कुठं तरी गावाला गेलेला. "मामा पायरीवर बसून राह्यला. दाराच्या फटीतून आत पाहे. आत दोरीवर फोटो वाळत टांगून होते. त्याच्यात माही माय होती. त्याले दिसून नोती राह्यली, पन होती. संध्याकाळपावतर बसला आन् वापस आला. तांब्या-नारळावर तेरवी झाली."

"मग नंतर?" मी विचारलं.

"मंग काय. दुकानदार आलाच नाई. जागेच्या मालकानं कुलूप तोडलं, आतलं भंगारात देलं. बापानं दुसरं लगन केलं. ते माय वाईट नोती बरं, माह्यासाठी जीव टाके. पन त्या घरात पयलीचं नाव घ्याची सोय नोती. मंग कोनी घेतलं नाई." लेन्सवर फुंकर मारून त्यांनी ती डबीत ठेवली. "म्हनून म्या दाराले कुलूप नाई लावलं कधी. लिही, गुंफा लिही."

रफिकभाई नाक ओढत लिहायला लागला. मग थांबला. "काकाजी, सिस्टीम बोलते कच्चा आहे. पुढं आकडा लावा म्हणते."

"तिच्या नावापुढं आकडा नोको लावू."

रफिकभाईनं वाद घातला नाही. डब्ब्याच्या आत शिरून त्यानं तो नियमच काढून टाकला. आणि एक चांगली गोष्ट केली. या पासवर्डानं आत गेलेल्याला फोटो बघता येईल, नेता येईल, पण पुसता येणार नाही, असं करून ठेवलं. मग काकाजींना खुर्चीवर बसवलं. "आता तुम्ही लिहा."

काकाजींनी एकेक अक्षर हुडकून दाबलं. पडद्यावर काळे ठिपके उमटत गेले. ते थांबले. "नाव कुठं गेलं?"

"लपवते काकाजी. बाजूच्यानं पाहू नये म्हणून."

"आतापावतर लपूनच होतं ते," काकाजी म्हणाले आणि उठले.

दुपारी त्यांनी बोर्ड रंगवणारा बोलावला. काउंटरच्या मागच्या भिंतीवर, जिथं हिरो-हिरॉइनसारख्या नवरा-नवरीचा मोठा फोटो होता तो उतरवून, हातभर अक्षरांत लिहून घेतलं: गुंफा. खाली तेच इंग्रजी अक्षरांत, लोकांना मशीनवर दाबता यावं म्हणून. त्याच्याखाली लहान अक्षरांत: लिहिताना नाव मोठ्यानं म्हणा.

रफिकभाईनं पुढच्या खेपेला ते पाहिलं आणि डोकं धरलं. "काकाजी, पासवर्ड भिंतीवर लिहायचा नसतो!"

"मंग ठेवला कायले?"

तेव्हापासून तो आमच्या दुकानाचा कायदा झाला. डब्बा पुन्हा कधी गायब झाला नाही. अपडेटं आली, गेली, सिस्टीम आता ओळख विचारायची, ओळख मिळायची, दार उघडायचं. ज्याला आपल्या माणसाचा फोटो पाहिजे त्यानं काउंटरवर बसायचं, एकेक अक्षर दाबायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. बायका सहज म्हणायच्या. पुरुष चाचरायचे. गल्लीतलं एक मोठं प्रस्थ, त्यांना काही केल्या तोंड उघडवेना. इकडे तिकडे बघायला लागले. म्हणाले, "हे काय फालतू! तुम्हीच उघडून द्या ना."

काकाजी म्हणाले, "तुमच्या बापाचा फोटो पायजे ना तुमाले? मंग माह्या मायचं नाव घ्या."

घेतलं त्यांनी. घ्यावंच लागलं. हळूहळू लोक म्हणायलाही लागले, गुंफाबाईकडून फोटो आणला. दोघी-तिघींनी तर मला विचारलं, गुंफाबाई म्हणजे मालकीणबाई काय? मी हो म्हणून टाकलं. खोटं थोडंच होतं? त्या दिवसांत काकाजी काउंटरजवळ उगाच घुटमळत राहायचे. कोणी नाव म्हटलं की ऐकून मागे निघून जायचे. एवढंच काम असायचं त्यांचं.

गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी मागच्या खोलीत खाटेवर पडले होते, ते उठलेच नाहीत. कूलरचं तोंड तेव्हाही डब्ब्याकडेच होतं.

तुम्हाला वाटेल, एवढ्या लोकांचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा फोटोच नसेल. छट्! काकाजी इतके वेंधळे नव्हते. डब्ब्यात त्यांचाही होता, मीच काढलेला, त्यांनी खुर्चीवर बसून मला सतरा सूचना देत काढवून घेतलेला. फाईलचं नाव, "दुकानवाला, पांढरा सदरा."

त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला. शांत, कामाचा पोरगा, लहानपणी दुकानात खेळायचा, पण शिकायला बाहेर गेला तो गेलाच. तेरवीच्या आदल्या दिवशी दुकानात आला. रफिकभाईही अकोल्याहून आलेला होता, मशीनचं काही काम नसताना. मुलगा काउंटरवर बसला. अशी मशीनं तो रोज दहा हाताळत असेल. डब्ब्यावर क्लिक केलं, चौकट आली.

"ताई, पासवर्ड?"

मी त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्यानं मान वळवून वाचलं. आल्यापासून ते समोरच होतं, पण त्याला एखाद्या कंपनीची जाहिरात वाटली असावी.

"गुंफा म्हणजे काय?"

"तुमची आजी."

तो किंचित हसला. "नाही, आजीचं नाव शांता होतं."

"त्यांच्या आधीची. काकाजींची आई." मग मी त्याला सांगितलं. अकोटचं दुकान, दाराची फट, दोरीवर वाळणारे फोटो. मला काकाजींसारखं सांगता आलं नाही, मध्ये दोनदा थांबावं लागलं. पोरगा कीबोर्डावर हात ठेवून बसून राहिला.

"बाबांनी मला कधीच नाही सांगितलं," तो म्हणाला.

"आमालेही नोतं सांगितलं," रफिकभाई म्हणाला. "एकच दिवस बोलले. फिर दीवार पे लिख दिया."

मुलानं पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं आणि अक्षरं दाबली. सराईत बोटं, एका दमात. काळे ठिपके उमटले.

"मोठ्यानं म्हणावं लागतं," मी म्हणाले. "इथला नियम आहे."

त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. रफिकभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. बाहेर गल्लीत कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती शेवटी सुरू होऊन निघून गेली.

"गुंफाआजी," तो म्हणाला.

लिहायचं नुसतं गुंफा असतं. आजी त्याचं त्यानं लावलं. डब्बा उघडला.